‘आई’चा रकाना

उत्तर देणाऱ्याने खोटे बोलू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु विचारणाऱ्याने प्रश्न पुरता विचारावा, हे आपल्याला फारसे कोणी शिकवीत नाही. अपुऱ्या प्रश्नाला मिळालेले खरे उत्तरदेखील माणसाला भलत्याच वाटेला लावते, आणि मग दोष कोणाच्या पदरी घालावा याचा खल करण्यात दिवस निघून जातात. पुढील हकीगतीत कोणी खोटे बोललेले नाही. कोणी जाणूनबुजून कुचराईही केलेली नाही. तरी एका गर्भवती स्त्रीचे पाच आठवडे भीतीत गेले, आणि गेलेले दिवस परत देण्याची विद्या अजून कोणत्याही शास्त्राला साधलेली नाही.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आनुवंशिक आजारांचा विभाग होता. तेथील कामाची वाटणी फार काटेकोर होती. सिस्टर पहिला अर्ज भरून घेत आणि रक्त काढीत. ते रक्त तळघरातील प्रयोगशाळेत जाई. तेथील प्रमुख तंत्रज्ञांना सारे जण ‘कोतवाल’ म्हणत, कारण शंकेची एक रेघ जरी राहिली तरी ते अहवालाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत. रोगाचे निदान करणे आणि पुढे काय करावे हे ठरविणे विभागप्रमुख डॉक्टरांकडे होते. आणि या सर्वांचे म्हणणे कुटुंबाला साध्या भाषेत समजावून सांगणे, त्याआधी त्या कुटुंबाचा वंशवृक्ष काढणे, हे समुपदेशिकेचे काम होते. बायकांसाठी वर्तुळ, पुरुषांसाठी चौकोन, आजारी माणसाचा चौकोन काळा. बावीस वर्षे ती टोकदार पेन्सिलीने हे वृक्ष काढीत आली होती. म्हणून तिला ‘झाडवाल्या बाई’ हे नाव पडले होते, आणि ते तिला आवडतही असे.

त्या मंगळवारी सकाळी मात्र तिला काहीच आवडत नव्हते. जिन्यातूनच भांडण ऐकू येत होते.

“पंचवीस वर्षं सुई धरतेय मी!” सिस्टर म्हणत होत्या. “नळीवर नाव पेशंटसमोर लिहिलं, तिच्याकडून वाचून घेतलं. आणि तुम्ही खाली गारव्यात बसून म्हणणार, नळ्या बदलल्या!”

“नळ्या बदलल्या असं मी म्हटलंच नाही,” कोतवाल शांतपणे म्हणाले. “मी म्हटलं, जुळत नाही.”

“म्हणजे तेच की!”

“तेच नाही. तुम्ही चिडलात म्हणून तेच वाटतंय.”

“बघा हो मॅडम, आता माझ्या चिडण्याचाही अहवाल देतायत!”

प्रकरण असे होते. एका छापखान्यात मुद्रिते तपासणारी सत्तावीस वर्षांची स्त्री पाच आठवड्यांपूर्वी विभागात आली, तेव्हा तिला तिसरा महिना नुकताच संपला होता. तिचा भाऊ स्नायू झिजविणाऱ्या आजाराने एकोणिसाव्या वर्षी गेला होता. हा आजार बायकांच्या अंगी बहुधा दिसत नाही. पण त्या तो दोष नकळत वाहून नेतात आणि त्यांच्या मुलग्यांत तो उमटू शकतो. भावाच्या हयातीत तपासणी झालेली नव्हती. म्हणून आधी आईचे रक्त घेतले. त्यात दोष सापडला. मग मुलीचे तपासले. त्यात तो नव्हता. एवढ्यावर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकायचा, तर कोतवालांनी अहवाल अडवून धरला. आई आणि मुलगी यांच्या रक्तातील ओळखीच्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. दोघींचे रक्त पुन्हा घेतले. पुन्हा तेच.

“हे बघा,” कोतवाल समुपदेशिकेकडे वळून म्हणाले, “आम्ही वीस खुणा पाहतो. प्रत्येक खुणेत मुलीकडे आईचा एक वाटा असलाच पाहिजे. यांच्यात नऊ ठिकाणी तो नाही. मग ही नळी त्या मुलीचीच, असं मी कशाच्या जोरावर लिहू? आणि नळी तिची नसेल, तर ‘दोष नाही’ हा निकाल कोणाचा?”

“पण दोनदा घेतलं ना रक्त?”

“दोनदा घेतलं, दोनदा जुळलं नाही. आमच्याकडून सगळं तपासून झालं.” ते क्षणभर थांबले. “यापुढचं बोलणं माझं काम नाही, मॅडम. झाड तुमचं आहे.”

तो टोमणा आहे असे तिला वाटले. या विभागात ‘माझं काम नाही’ हे वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखे झाले होते. ते चालू असे आणि कोणी त्याच्याकडे पाहत नसे. ती तडक डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनीही दिलासा दिला नाही. ते कठोर नव्हते. परंतु ज्याची सही शेवटची, त्याला ‘बहुतेक’ या शब्दाचा आधार घेता येत नाही.

“अहवालावर सही नाही तोवर माझ्या दृष्टीनं अहवालच नाही,” ते म्हणाले. “तिला आता सतरावा आठवडा. शुक्रवारी सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढू आणि थेट बाळाचीच तपासणी करू.”

“सर, तिचे आधीचे दोन गर्भ गेलेत. शेकड्यात एखादीचा गर्भ सुईनं जातो म्हणतात. त्या एखादीत आपण असणार असंच तिला वाटतंय.”

“एखादीचाही नाही जात हल्ली, त्याहून कमी.”

“हे तुम्ही तिला सांगा.”

“तुम्हीच सांगा. समजावणं तुमचं काम आहे.”

तिने फोन केला. पलीकडे छापखान्यातील यंत्रांचा आवाज येत होता.

“म्हणजे अजून नाही?” ती मुलगी म्हणाली. “मॅडम, मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. एका पानात तीन चुका सुटल्या तर आमचे साहेब पान तोंडावर फेकतात. तुमच्याकडे एक नळी ओळखायला पाच आठवडे लागतात?”

“नळी बदललेली नाही, असं आमच्या सिस्टर म्हणतात.”

“आणि खालचे म्हणतात बदलली.”

“ते म्हणतात, जुळत नाही.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

मुलीचा नवरा दूरच्या ठिकाणी कामाला होता. रोज फोनवर तो विचारी आणि रोज तिला ‘अजून नाही’ हेच सांगावे लागे.

“उद्या आईंना घेऊन या,” समुपदेशिका अखेर म्हणाली. “एकदा शेवटचं रक्त घेऊ.”

“आईच्या हाताची चाळण झालीय. पण येतो.”

बुधवारी त्या दोघी आल्या. आई साठीच्या आतबाहेरच्या, अंगाने बारीक, मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळीत बसलेल्या. मुलगी शेजारी; एक हात पोटावर, दुसरा आईच्या गुडघ्यावर.

“सिस्टर, या वेळी मी पाहत बसणार हं,” मुलगी म्हणाली.

“बस बाई, मांडीवर बस माझ्या,” सिस्टर म्हणाल्या. “आणि तो वरचा कॅमेरा आहे ना, त्यालाही सांग माझ्याकडे तोंड करायला.”

आई हसल्या. “नका गं त्यांच्या मागं लागू. हात हलका आहे त्यांचा.”

“ऐकलंत?” सिस्टर दारात उभ्या समुपदेशिकेकडे पाहून म्हणाल्या. “हे लेखी द्या त्या कोतवालाला.”

आपल्या खोलीत समुपदेशिकेने त्या कुटुंबाची फाइल उघडली. तिसऱ्यांदा रक्त घेऊन तिसऱ्यांदा तेच ऐकायचे, या विचाराने तिचे मन आंबून गेले होते. तिने वंशवृक्ष समोर ठेवला. तो सुबक होता. आईचे वर्तुळ, खाली दोन अपत्ये, काळा चौकोन आणि त्याशेजारी मुलीचे वर्तुळ. ‘झाड तुमचं आहे’ हे शब्द तिला पुन्हा टोचले. आणि चिडूनच, माझे झाड बिनचूक आहे हे स्वतःला पटविण्यासाठी, तिने सिस्टरांनी पहिल्या दिवशी भरलेला अर्ज काढून एकेक ओळ ताडून पाहिली.

‘नाते: आई.’ ‘अपत्ये: दोन.’ ‘बाळंतपणे:’ या शब्दापुढे सिस्टरांच्या ठसठशीत अक्षरात ‘१’ लिहिलेला होता. त्यावर पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि बाजूला ‘२’ केलेला होता.

ती पेन्सील तिची होती. तो दोनाचा आकडाही तिचाच. शेपटी किंचित वर वळलेला.

तिला तो दिवस आठवला. बाहेर अकरा माणसे थांबलेली. अर्जात अपत्ये दोन आणि बाळंतपणे एक. जुळी नव्हेत, कारण वयांत पाच वर्षांचे अंतर. सिस्टर घाईत चुकल्या असे समजून तिने जाता जाता आकडा सुधारला होता. खोलीत समोर बसलेल्या बाईंना एक शब्द विचारला नव्हता. बावीस वर्षांत शेकडो नवशिक्यांना तिने शिकविले होते की प्रत्येक नाते उलगडून विचारा, ‘रक्ताचे का’ हे विचारल्याशिवाय वर्तुळ काढू नका. आणि बरोबर उत्तर हाती आलेले असताना तिनेच ते खोडले होते.

ती बराच वेळ त्या दोनाकडे पाहत राहिली. मग उठून बाहेर आली आणि सिस्टरांना हळूच म्हणाली, “रक्त नका घेऊ.”

आईंना तिने एकटीला आत बोलाविले. दार लावले. मेजाच्या पलीकडे न बसता त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली.

“आई, एक विचारते. नाजूक आहे. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. दिलंत, तर तुमच्या मर्जीशिवाय या खोलीबाहेर जाणार नाही.”

“विचारा की.”

“तुमची बाळंतपणं किती?”

“एक. मागंच सांगितलं होतं त्या सिस्टरबाईंना, ही पाणी प्यायला गेली होती तेव्हा.”

“मुलगा.”

“हो. माझा मुलगा.”

“आणि ही?”

बोटाभोवतीचा बंद आवळला गेला. बोटाचे टोक पांढरे पडले.

“ही माझ्या जावेची. धाकट्या दिरांची मुलगी. जाऊ गेली तेव्हा ही अकरा महिन्यांची होती. दीरही फार काळ राहिले नाहीत. पाळण्यातून माझ्या मांडीवर आली ती तिथंच राहिली. पहिला शब्द बोलली तो माझ्याकडे बघून बोलली. आई. मी काय तिला दुरुस्त करत बसू?”

समुपदेशिकेने मान खाली घातली. ‘दुरुस्त’ हा शब्द त्या बाईंनी सहज उच्चारला होता.

“सिस्टरनी पहिल्या दिवशी विचारलं, तुम्ही आई ना?” आई पुढे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग होता, पण तो कोणावर हे त्यांनाही ठरविता येत नव्हते. “ती शेजारी बसलेली. हा प्रश्न मला शंभरदा विचारलाय लोकांनी. शाळेत, दवाखान्यात, तिच्या लग्नात. दर वेळी हो म्हटलं. त्या दिवशी तिच्यासमोर नाही म्हणायचं होतं होय? रक्त द्या म्हणालात, दिलं. पुन्हा द्या म्हणालात, पुन्हा दिलं. त्या रक्ताचं आणि या गोष्टीचं काही देणंघेणं आहे, हे मला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही सांगितलं. ते सांगायचं काम माझं होतं.”

“आमच्यात तर म्हणायचे, घराण्यातच आहे. माझ्या सासऱ्यांचा एक चुलता लंगडत चालायचा. मला वाटलं, मुलगा गेला तो त्या घराण्याच्या रक्तानं. आणि हीही त्याच घराण्याची.”

“हा आजार घराण्याच्या वाटेनं जात नाही, आई. आपण घराणं मोजतो बापाकडून. हा उतरतो आईकडून.”

आईंना समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्यांनी पिशवी घट्ट धरली.

“म्हणजे माझ्याकडून.”

“तुमच्यातून गेला. तुम्ही दिला नाहीत. तुमच्यात तो आहे हे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. तुमच्याकडं तो कुठून आला हेही तुम्हाला माहीत नव्हतं.”

खिडकीखाली कोणीतरी चाकांची खुर्ची ढकलीत नेत होते. तिचे एक चाक कुरकुरत होते. आईंनी तो आवाज दूर जाईपर्यंत ऐकला. तसला आवाज त्यांनी आपल्या घरात आठ वर्षे ऐकला होता.

मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम म्हणाल्या, “थांबा. म्हणजे हिला काही नाही?”

“एकच विचारायचं राहिलं. तुम्ही दोघी जावा, माहेरकडून काही नातं? बहिणी, मावसबहिणी, लांबच्या का होईना?”

“छे! तिचं माहेर कुठलं, माझं कुठलं. लग्नानंतरच तोंड पाहिलं एकमेकींचं. आणि पहिलं वर्ष तर पटतही नव्हतं आमचं.”

“मग तुमच्याकडचा दोष हिच्याकडे येऊच शकत नाही. शुक्रवारची सुई नको. काहीच नको. मात्र हे का नको, ते तिला कळायला हवं. कसं कळावं, ते तुम्ही ठरवा.”

आई उठल्या, पदर सारखा केला. “बोलवा तिला. मी सांगते. तुमच्या तोंडून नको.”

मुलगी आत आली. आईंनी उभ्या उभ्याच सांगितले, दोन वाक्यांत. तिसरे त्यांना जमले नाही. मुलीने ऐकून घेतले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं. तेरा वर्षांची होते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

मग मुलीचा आवाज चढला, आणि तो चढला तो समुपदेशिकेकडे वळून.

“पाच आठवडे! पाच आठवडे मी कुशीवर वळताना पोटाला हात लावून बघतेय. आणि एवढंच होतं? तुम्ही सगळ्यांनी ‘आई’ विचारलं, मी ‘आई’ सांगितलं. ही माझी आईच आहे, यात मी खोटं काय सांगितलं? जन्म कोणी दिला, एवढे तीन शब्द विचारायला काय जात होतं तुमचं?”

स्वतःची बाजू मांडण्याजोगे पुष्कळ काही होते. बाहेरची गर्दी, अपुरी माणसे, एका दिवसात नऊ-नऊ कुटुंबे. समुपदेशिकेने त्यातले काहीच सांगितले नाही. तिने अर्ज काढून मुलीसमोर ठेवला.

“हा एक सिस्टरांचा. हा दोन माझा.”

मुलीने कागद उचलला आणि रोज मुद्रिते पाहणाऱ्या नजरेने तो पाहिला.

“मूळ प्रत बरोबर होती,” ती म्हणाली. “चूक तुम्ही दुरुस्तीत घातलीत.”

“हो.”

“आमच्याकडे अशी चूक करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पानं देत नाहीत.”

“माझी चूक आहे. ती मी डॉक्टरांना सांगणार आहे, आणि सिस्टरांना आधी.”

मुलीला आणखी बोलायचे होते. ओठ हलले, पण शब्दांऐवजी रडू आले, आणि ते तिला मुळीच नको होते. आईंनी तिला जवळ घेतले. तिने एकदा हात झटकला, मग झटकला नाही.

“अगं, पोटातल्याला हलवतेयस किती,” आई म्हणाल्या.

“हलू दे. त्यालाही कळू दे, आज्जी कशी लपवाछपवी करते.”

“आणि आई कशी तोंडाला कुलूप लावून बसते, तेही कळू दे.”

आईंच्या मर्जीने सारे कळल्यावर दुपारी डॉक्टरांनी शुक्रवारच्या यादीतील तिचे नाव खोडले आणि मुलीला बोलावून, कोणावर न ढकलता, स्वतः तिची क्षमा मागितली. कोतवाल तळघरातून वर आले. सिस्टर हातमोजे मोजीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मग? माझ्या नळ्या?”

“तुमच्या नळ्या सोन्याच्या,” कोतवाल म्हणाले.

“आणि तुम्हाला संशय आला होता, तर सरळ का नाही बोललात?”

“दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आकड्यांवरून कशी बोलू?”

“झाडवाल्या बाईंशी तरी बोलायचं होतं, उघड.”

कोतवालांनी मान डोलावली. सिस्टरांचे म्हणणेही खरेच होते. समुपदेशिकेची ती खाडाखोड सोडली, तर प्रत्येकाने आपल्या रेघेच्या आत राहून काम चोख केले होते, आणि ती मुलगी रेघांच्या मधल्या जागेत उभी होती. समुपदेशिकेला स्वतःचा राग आला होता, आणि तो संध्याकाळपर्यंत ओसरला नाही. पुढेही अनेक दिवस ओसरणार नव्हता.

निघताना आई दारातून मागे वळल्या.

“बाई, माझी एक धाकटी बहीण आहे. तिला दोन मुली. मोठीला तिसरा महिना चालू आहे.”

समुपदेशिकेने कोरा कागद काढला. पेन्सिलीला टोक केले. मग वर्तुळ काढण्यापूर्वी विचारले, “ही बहीण तुमच्याच आईच्या पोटची?”

“आता प्रत्येकीला असंच विचारणार का?” आई जराशा चिडूनच म्हणाल्या.

“प्रत्येकीला.”

“बरं. पोटची. आणि तिच्या दोन्ही मुली तिच्याच पोटच्या. दोन बाळंतपणं, माझ्याच घरी झाली, मी होते तिथं.” त्या खुर्चीत टेकल्या. “लिहा. सावकाश लिहा.”

मुलगीही आत येऊन कागदावर वाकली, आणि दुसऱ्याच्या प्रतीत चूक शोधण्याची सवय असल्यामुळे प्रत्येक रेघ निरखून पाहू लागली.

ज्यांच्या पोटी ती बाळे वाढत आहेत, त्यांचे महिने सुखरूप भरोत. जिने जन्म न देता आई म्हणवून घेतले आणि ते नाव खरे केले, तिच्या मनावरचा भार हळूहळू उतरो. आणि जे विचारतात, लिहितात, तपासतात आणि सही करतात, त्यांच्या हातून पुढचा प्रश्न पुरता विचारला जावो.